अण्णांना विचारणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

"माझं नाव कुठं टाकू नकोस," असं तुम्ही बजावलंत, म्हणून टाकत नाही. पण दवाखान्यात समोर बसवून अण्णांची, माझ्या वडलांची, माहिती लिहून घेणाऱ्या तुम्हाला हे पत्र उघडच लिहितेय. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात अशी बरीच घरं आहेत, जिथं एक माणूस मनाच्या आजारानं कोपरा धरून बसलाय आणि बाकीचे शेजाऱ्यांना "जरा अशक्तपणा आहे" म्हणून सांगतायत.

अण्णांच्या खात्यात ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे जमा झाले. आईनं विड्यांचं सूप बाजूला सारून माझ्याकडून मेसेज पुन्हा पुन्हा वाचून घेतला. पैशांसाठी मात्र मी तुमचे आभार मानत नाहीये, रागावू नका. ते विम्याचे पैसे आहेत, त्याचा हप्ता इतकी वर्षं अण्णांच्याही पगारातून कापला गेलाय. मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी जिथं जिथं गेलो, तिथं सगळ्यांनी अण्णांचे हातपाय बघितले. हातपाय धड आहेत, मग आजार कसला? अण्णा कारखान्यात टॉवेलच्या मागावर होते. त्या मागाला दोन बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, असतात, एक ताठ आणि एक सैल. सैल धाग्यांचे फेरे वर उठतात, म्हणून टॉवेलला लव येते. अण्णा असे, की मागाचा नुसता आवाज बदलला तरी कुठं काय तुटलं ते त्यांना कळायचं. त्याच खडखडाटात कुणीतरी आपलं नाव घेऊन शिव्या देतंय असं त्यांना ऐकू यायला लागलं, तेव्हा ते माग बंद करून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे. कारखान्याच्या रजिस्टरात त्याची नोंद काय झाली? "न सांगता गैरहजर."

पहिल्या खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आमच्याकडं पिशवीभर होत्या. त्यांवर नुसती गोळ्यांची नावं, तीही न लागणारी. आजाराचं नाव एकाही कागदावर नाही, कधीपासून आहे ते नाही, माणूस कामावर उभा राहू शकतो का, ते तर नाहीच. लिहून द्या म्हटलं तर, "मला या भानगडीत पाडू नका." 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला स्वतःच्या उपचारांचे कागद मागायचा हक्क दिलाय, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

आणि कारखान्याच्या ऑफिसातले ते साहेब! त्यांनी मोबाइल काढून गड्ड्याच्या यात्रेतला अण्णांचा फोटो दाखवला. अण्णा माझ्या भाच्याला खांद्यावर घेऊन हसतायत. "हे बघा तुमचे पेशंट." बोलले मात्र फार गोड, चहासुद्धा पाजला.

तुम्ही गोड बोलत नाही, ताई. पहिल्याच भेटीत मला झापलंत, "प्रश्न त्यांना विचारलाय, तू का उत्तर देतेस?" मग आईकडं वळून म्हणालात, "त्रास किती आहे ते नको. कालचा दिवस सांगा, सकाळी डोळा उघडल्यापासून." आई म्हणाली, "तसं सगळं करतात हो." तुम्ही सोडलं नाहीत. दात घासतात? सांगावं लागतं का? किती वेळा? दूध तापवायला ठेवलं तर गॅस कोण बंद करतं? रात्रीच्या गोळ्या घेतल्यावर सकाळी जाग कधी येते? हात थरथरतात, मग मागाजवळ उभं करायला तुम्हाला भीती वाटत नाही? विचारता विचारता आईच्या "सगळं करतात"मधलं काहीच उरलं नाही.

मी फोटोचं सांगितलं, तेव्हा मला वाटलं तुम्ही म्हणाल, राहू दे ते. तुम्ही तेही लिहून घेतलंत. गड्ड्यावर गेले होते, थोडा वेळ हसले, गर्दी वाढल्यावर कान झाकून खाली बसले, जावयानं रिक्षात घालून घरी आणलं. "बरे दिवसही लिहायचे. नुसतं वाईट लिहिलेला कागद खोटा वाटतो," असं म्हणालात.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी काय बघतात, तेही तुम्हीच सांगितलंत. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. शिवाय आजार किती वर्षांचा आहे, त्याचे वेगळे. एकूण 40 टक्के किंवा त्याहून जास्त भरलं, तर पुढचं. ईएसआयच्या लांबलेल्या आजारांच्या यादीत 34 आजार आहेत आणि सायकोसिस, म्हणजे असे नसलेले आवाज ऐकू येण्याचा, भास होण्याचा आजार, त्यांत आहे, त्यात पगाराच्या 80 टक्के मिळतात, हेही आम्हाला कारखान्यातल्या कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण आजाराचं नाव असलेला कागद हवा. आमच्याकडं नेमका तोच नव्हता. बाकीच्या फेऱ्या आणि झेरॉक्स याबद्दल लिहीत नाही, ज्यांनी केल्यात त्यांना माहीत आहे.

मला लिहायचंय ते यानंतरचं. सगळं लिहून झालं, आम्ही उठलो. बाहेर लाइन लागलेली, कुणीतरी दार ठोकत होतं. तुम्ही म्हणालात, "बसा." आणि आपली खुर्ची अण्णांच्या समोर ओढलीत. "अण्णा, हे तुमच्याबद्दल लिहिलंय. वाचून दाखवते. चुकलं असेल तर सांगा."

आजवर आम्ही सगळे अण्णांच्या डोक्यावरून त्यांच्याबद्दल बोलत आलो होतो. डॉक्टर, साहेब, काका, आम्हीसुद्धा. त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं.

तुम्ही वाचत गेलात. अण्णा फरशीकडं बघत होते. "घरच्यांशी बोलत नाहीत" ही ओळ आली आणि त्यांनी हात वर केला.

"बोलायचं असतं. त्या आवाजांना उत्तरं देऊन देऊन थकतो. मग हिच्याशी बोलायला काही राहत नाही."

तुम्ही ती ओळ खोडलीत आणि अण्णा जे बोलले तेच, त्यांच्याच शब्दांत लिहिलंत. मग पुन्हा विचारलंत, "आता बरोबर?" ते म्हणाले, "हां, आता बरोबर."

आई घरी येईपर्यंत रिक्षात काही बोलली नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की नवरा तिच्यावर रुसलाय. कशावरून रुसलाय, ते शोधत ती विड्या वळत बसायची. पुढं मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचताना त्याच ओळीखाली रेघ मारली, ते मी बघितलं. पण ती रेघ नसती, दावा फेटाळला असता, तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

चांगुलपणा म्हणजे चहा पाजणं, असं आपल्याकडं फार जणांना वाटतं. साहेबांनी पाजलाच की. तुमच्या टेबलावर तर पाण्याचा ग्लासही नव्हता. दार ठोकणाऱ्याला तुम्ही "थांबा जरा!" म्हणून असं काही ओरडलात की आईच दचकली. अशी ओरडणारी दोन-चार माणसं प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक ऑफिसात मिळाली, तर माझी काही तक्रार नाही.

दाखल्याची मुदत संपली की पुन्हा तपासणी आहे. अण्णांनी आत्ताच विचारून ठेवलंय, "त्याच बाई असतील का?" मी हो म्हणून टाकलंय. तेवढी बदली मागू नका.

तुमची,
विडी कामगाराची आणि माग कामगाराची मुलगी
सोलापूर