बार्शी लाइटची आठवण फाटकापाशी जपावी

महोदय,

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन कुर्डुवाडी-बार्शी मार्गावरच्या एखाद्या खेड्यातल्या रेल्वे फाटकाशी जरूर जावे. गेटमन फाटक पाडतो, बैलगाड्या-दुचाक्या थांबतात आणि गाडी धडधडत निघून जाते. मुलांना हे फार आवडते. मात्र याच भागातून एकेकाळी अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे धावत असे, हे त्यांना सांगणारे तिथे काहीच नसते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभारलेली ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता यावा म्हणून प्रत्येक आसावर सारखाच भार, ही त्यामागची कल्पना. कितीतरी वारकरी याच गाडीने विठुरायाच्या दर्शनाला गेले. आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे. प्रवाशांच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

पण याच रुंदीच्या रुळांवरची कालका-सिमला गाडी २००८ पासून जागतिक वारसा आहे. आपल्याकडे निदान एका फाटकाजवळ, कुंपणाआड, जुन्या रुळांचा तुकडा, एक डबा आणि मराठी माहितीफलक एवढे तरी हवे. शक्य झाल्यास सुट्टीच्या दिवशी थोड्या अंतरावर छोटी गाडीही चालवावी. कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना आहे, तिथल्या कामगारांचे कसब यासाठी उपयोगी पडेल. रेल्वे प्रशासन आणि जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी हे मनावर घ्यावे, ही कळकळीची विनंती.

- एक रेल्वेप्रेमी वाचक, सोलापूर