बोटीवर मुलं कमी कधी असतात रे, बंड्या?

प्रिय बंड्या,

सात महिने तुला धड एक ओळ लिहिली नाही, नुसते अंगठे पाठवत बसलो, त्याबद्दल आधी माफी माग म्हणालास तर मागतो. दोनदा तुझा फोन आला आणि दोन्ही वेळा 'नंतर बोलतो' म्हणून ठेवला. राग नव्हता रे कसलाच. घरात फोनवर मोठ्यानं बोलायचं मी सोडलंय, एवढंच. माझी शुगर ठीक, बीपी ठीक, गुडघे वयाप्रमाणे. तब्येतीचं झालं.

आता खरं. गेल्या रविवारी मोठ्या नातवाचा वाढदिवस होता, घरात दहाबारा पोरं, मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आजीजवळ ओरडायचं नाही, आणि पोरं बिचारी खरंच सांभाळून होती, पण एक फुगा फुटला आणि त्याच्याबरोबर एक मुलगी किंचाळली. ही उठून आत गेली. दहा मिनिटं झाली तरी येईना म्हणून बघायला गेलो तर बाथरूमचं दार आतून बंद, आणि बाहेर फरशीवर धाकटा बसलेला, दाराच्या फटीला तोंड लावून कुजबुजत होता, 'आजी, मी हळूच बोलतोय, बाहेर ये ना.' पाच वर्षांचा आहे तो. मला तिथे उभं राहवेना बंड्या, मी गॅलरीत जाऊन आलो.

तुला वेगळं काय सांगायचं, त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर तूच होतास शेजारी. उजवा कान गेला तो गेला, त्याचं आता आम्ही बोलत नाही. पण जो उरलाय त्याला बारीक, उंच आवाज सहन होत नाही. शिट्टी, स्टीलचं भांडं, लहान मुलाची किंकाळी. जाड, खालचा आवाज चालतो. डॉक्टर म्हणतात सारखे कानात बोळे घालून बसू नका, कान आणखी हळवा होतो, हळूहळू सवय होऊ द्या. हळूहळू म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. आणि कुणाला व्हावं हे, तर हिला! एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला तिनं. तू एकदा मला न्यायला शाळेत आला होतास, आठवतं? आवाज न चढवता, डस्टर न आपटता, नुसती फळ्यापाशी गप्प उभी राहायची आणि चाळीस पोरं आपोआप शांत. तू बाहेर येऊन म्हणालास की ही बाई पोलिसात हवी होती.

बोटीचं, म्हणजे समुद्रावर फिरवून आणणाऱ्या क्रूझच्या बोटीचं, तुला माहितीच आहे. लग्नाआधीपासून तिचं एकच, चारी बाजूंनी नुसतं पाणी दिसेल अशा जागी एक दिवस उभं राहायचंय. दर वेळी काहीतरी निघालं, मुलांची शिक्षणं, मग लग्नं, मग आई. या वर्षी म्हटलं बास. म्हणून तीन महिन्यांपूर्वी वही घेतली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बोटीवर मुलं कमी कधी?'

आणि पहिल्याच फटक्यात चुकलो. मी आपल्या शाळांचं कॅलेंडर समोर ठेवून तारीख काढली, जुलै, म्हटलं शाळा चालू, पोरं वर्गात. बुकिंग करायला निघालो होतो. तेव्हा एजंटच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, काका, बोट सुटते युरोपातून, जुलैमध्ये तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, बोट पोरांनी भरलेली असेल. म्हणजे आपली पोरं कुठे आहेत ते बघून उपयोग नाही, बोट ज्या बंदरातून सुटते तिथली पोरं कधी मोकळी असतात ते बघायचं. इतकी साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. तेव्हापासून मी देशोदेशीच्या शाळांच्या सुट्ट्या पाठ करतोय.

ऐक, तुलाही कळू दे मी हे तीन महिने काय करत होतो. अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटींना जून ते ऑगस्ट पूर्ण टाळायचं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्यांचा कामगार दिन, तो गेला की बोटी एकदम रिकाम्या होतात. पण कॅरिबियनमध्ये नेमका तोच वादळांचा काळ, 1 जून ते 30 नोव्हेंबर सीझन आणि जोर सप्टेंबरच्या मध्याला. बोट वादळाच्या वाटेतून बाजूला काढतात, ते खरं, पण मग ठरलेली बेटं सोडून दुसरीकडेच नेतात, आणि हलणारी बोट हिला चालेल का ते कोण सांगणार. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, तो आठवडा भरलेला. त्यानंतर डिसेंबरचे पहिले दोन आठवडे सोन्यासारखे, वादळं संपलेली, नाताळची सुट्टी लागायची असते. मग नाताळ आणि नवं वर्ष गेलं की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुन्हा शांत. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी त्यांची आणखी एक सुट्टी असते आणि काही राज्यांत शाळा आठवडाभर बंद. मार्च तर विचारूच नको, स्प्रिंग ब्रेक, म्हणजे शाळांची वसंतातली सुट्टी, आणि तो सगळीकडे एकाच आठवड्यात नसतो, एप्रिलपर्यंत रेंगाळतो. त्यात ईस्टरच्या सणाची सुट्टी दर वर्षी जागा बदलते, ईस्टर 2027 मध्ये 28 मार्चला आहे आणि 2028 मध्ये 16 एप्रिलला, म्हणजे मागच्या वर्षी कुणी सांगितलेली 'चांगली तारीख' या वर्षी उपयोगाची नाही. आणि हे ऑस्ट्रेलियाला लावायचं नाही, जानेवारीत तिथे उन्हाळ्याची मोठी सुट्टी चालू असते. शांत म्हणून जानेवारी धरायचा आणि सिडनीहून बोटीत चढायचं म्हणजे संपलंच.

वाचून दमलास ना. तू भूगोलाच्या पेपरात माझ्या मागे बसून नकाशा मागायचास, आता बघ, मी स्वतःहून पाठवतोय.

पण बंड्या, तारीख ही अर्धीच गोष्ट आहे. शाळा चालू असतात तेव्हा शाळेची पोरं नसतात, पण जी अजून शाळेतच जात नाहीत ती असतात! सुट्टी नसताना फिरायला निघणारी मंडळी म्हणजे आपल्यासारखे म्हातारे आणि दोन-तीन वर्षांची पोरं घेऊन आलेले आईबाप. आणि सगळ्यात उंच आवाज त्याच वयाचा. त्यावर उपाय म्हणजे लांबचा प्रवास. तीन-चार रात्रींच्या फेऱ्या पोरांना आणि पार्टीवाल्यांना सोयीच्या, दहा-बारा रात्रींच्या पुढे गेलं की आईबाप धजत नाहीत. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेतच नाहीत, आणि समुद्र ओलांडायचा असेल, ओळीनं बरेच दिवस जमीन दिसणार नसेल, तर बारा महिन्यांखालचं नाही. वसंतात बोटी कॅरिबियनहून युरोपकडे येतात आणि शरदात परत जातात, त्या एकमार्गी फेऱ्यांवर पोरं जवळजवळ नसतातच म्हणे. अटलांटिक ओलांडायला ओळीनं सहा-सात दिवस नुसतं पाणी. हिचं स्वप्न अगदी शब्दशः. पण त्या सहा दिवसांत कानाला काही झालं तर बोटीवरचा डॉक्टर सोडून कोणी नाही, म्हणून मी तिथे अडलो.

मग मला वाटलं सापडलं उत्तर. फक्त मोठ्यांच्याच बोटी असतात रे! वायकिंग नावाच्या कंपनीच्या बोटीवर अठराच्या आतलं कोणी घेत नाहीत, व्हर्जिन कंपनीच्याही, आणि पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या दोन बोटी, आर्केडिया आणि अरोरा, पूर्ण मोठ्यांसाठी राखीव. कॅलेंडर नको, ईस्टर नको, कधीही जा. मी आनंदात वही घेऊन आत गेलो आणि तिथेच सगळं बिघडलं, कारण वहीचं पहिलं पान तिनं वाचलं.

कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मुलांना बंदी आहे अशा ठिकाणी मी पाय ठेवणार नाही. मी पहिलीची बाई आहे.' मी म्हटलं अगं तुझ्या कानासाठी. ती म्हणाली, 'कानासाठी कमी चालतील. अजिबात नकोत असं मी कधी म्हटलं? दोन-चार असू देत, लांबून दिसतील अशी.' आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

त्याच्या चारच दिवस आधी चिरंजीवांनी विचारलं होतं, बाबा, मुलांच्या सुट्टीत सगळेच जाऊ या का. मी घाईत 'नको' म्हणालो. का ते नीट सांगितलं नाही, आणि तो म्हणाला, आमची पोरं आईला जड झाली का? सुनबाई काही बोलली नाही, पण दोन दिवस फोन आला नाही. त्यानंतर हा वाढदिवस, तो फुगा, ते बाथरूमचं दार. आता मला झोप लागत नाही ती यासाठी, की मी हिला आवाजापासून वाचवायला निघालोय की तिचं जे काही होतं तेच तिच्याजवळून उचलून नेतोय. कान बरा व्हावा म्हणून पोरं दूर केली आणि कान बरा होईपर्यंत पोरांनाच दूर राहायची सवय झाली तर? तो धाकटा आता आमच्या घरात आल्यावर चपला हातात घेऊन चालतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही.

तुझा रेडिओ आठवला मला. हॉस्टेलची खोली, तू रात्री रेडिओ लावून झोपायचास, मला परीक्षेचं टेन्शन, मी सेल काढून लपवले आणि आपण एकोणीस दिवस बोललो नाही. वर्षानंतर कधीतरी तू सांगितलंस की तुझे वडील गेल्यापासून खोलीत आवाज नसला की तुला झोप येत नव्हती. तुझा राग बरोबर होता. तेव्हा बोललो नव्हतो, आता लिहून देतो. सेल मात्र मी माझ्या बुटात लपवले असं तू अजून सांगतोस ते साफ खोटं आहे, बूट तुझे होते.

तर शेवटी ठरलंय ते असं. भूमध्य समुद्र, चौदा रात्री, सप्टेंबरच्या वीसच्या पुढे सुरू. फ्रान्स, इंग्लंड, स्पेन इथल्या शाळा तोवर उघडलेल्या असतात, इटलीच्या सप्टेंबरच्या मध्याला उघडतात, जर्मनीत बव्हेरियाची सुट्टी सगळ्यात शेवटी, तीही मध्याला संपते. ऑक्टोबर लागला की जर्मनीतल्या एकेका राज्याची शरदातली सुट्टी सुरू होते आणि महिन्याच्या शेवटी इंग्लंड-फ्रान्सची, म्हणून त्याआधीचा हा तुकडा. पाणी तोवर कोमट असतं. बंदरं जवळजवळ, डॉक्टर लागला तर दुसऱ्या दिवशी जमीन. आणि मध्ये दोन पूर्ण दिवस समुद्र, चारी बाजूंनी पाणी, ते मी मुद्दाम बघून घेतलं.

बोट मध्यम आहे, घसरगुंड्या नसलेली. ती नवी राक्षसी जहाजं असतात ना, 2024 मध्ये एक निघालं, आयकॉन ऑफ द सीज, साडेसात हजारांवर प्रवासी मावतात आणि वर पाण्याच्या सहा घसरगुंड्या, तसलं काही नाही. केबिन मी डेकचा नकाशा समोर ठेवून निवडली, वरखाली दोन्हीकडे केबिनच येतील अशी, पोहण्याच्या तलावाच्या खाली नाही, मुलांच्या क्लबजवळ नाही, आणि मधलं दार असलेली तर मुळीच नाही, कारण त्या जोडदाराच्या केबिन कुटुंबंच घेतात आणि दारातून सगळं ऐकू येतं. जेवणाची उशिराची वेळ घेतली, पोरंवाले लवकर उरकतात. बोट बंदराला लागली की सगळे खाली उतरतात, तेव्हा दोन-तीनदा आम्ही वरच थांबणार, रिकाम्या डेकवर. एकाच गोष्टीची भीती आहे, सुरुवातीला धोक्याच्या सूचनेची तालीम असते, सात छोटे भोंगे आणि एक लांब, ते कुणालाच चुकत नाहीत. त्या पाच मिनिटांपुरते बोळे घालायला डॉक्टरांनी हो म्हटलंय.

हे सगळं काल रात्री तिला दाखवलं. तिनं बोट ठेवून ठेवून सगळं वाचलं आणि विचारलं, मग मुलं असतील ना थोडी? मी म्हटलं असतील. चिरंजीवांना पण आज सकाळी जाऊन सगळं खरं सांगितलं, वही दाखवली, तो बराच वेळ बाथरूमच्या त्या दिवसाबद्दल विचारत बसला. धाकट्याला आजीनं बोलावलंय, शनिवारी, एकट्यालाच.

तुझं काय? मोतीबिंदूची तारीख मिळाली का? धाकटीची बदली थांबली का नाही, आणि वहिनींचा खांदा? घर विकायचं डोक्यातून काढलंस की अजून आहे? सगळ्याचं उत्तर एकदम दे, मी सात महिने विचारलं नाही म्हणून तू सात महिने लावू नकोस.

आणि आता मुद्द्याचं. आमच्या शेजारची केबिन मी तुमच्या दोघांच्या नावानं धरून ठेवायला सांगितलीये, न विचारता, शुक्रवार संध्याकाळपर्यंतच धरतात. तुझा घोगरा आवाज तिला अजिबात त्रास देत नाही, हॉस्पिटलातून आल्यावर पहिले आठ दिवस ती फक्त तुझ्याशीच नीट बोलत होती, ते तुझ्या लक्षात आलं होतं की नाही माहीत नाही. मोतीबिंदू ऑगस्टच्या आत उरकत असेल तर ये. हो की नाही ते लिहून कळव, फोन नको.

तुझाच,
नाना