कापसाचा खोका आणि जिमी बोवेन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रॉकाबिलीवरील (सुरुवातीचा रॉक अँड रोल आणि कंट्री यांच्या मिश्रणातले अमेरिकी संगीत) आपल्या लेखात जिमी बोवेनची ‘एका गाण्याचा गायक, पुढे कंपनीचा अधिकारी’ अशी एका ओळीत बोळवण झाली आहे. आम्हा ध्वनिमुद्रणातल्या लोकांना ती फार खटकली. हा माणूस ध्वनिमुद्रिकांचा निर्माता म्हणून घडला तो रॉकाबिलीतच.

१९५६ साली बडी नॉक्स, डॉनी लॅनिअर आणि बोवेन हे टेक्सासचे कॉलेजकुमार न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावी नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत गेले. बास (खर्जाचे तंतुवाद्य) बोवेनकडे होता. एका खोलीत सगळे एकदम वाजवू लागले की ड्रम गायकाच्या माइकात शिरतो. मग गायकाचा आवाज वाढवावा तर ड्रमही वाढतो, आणि तो लांबून, पिंपात वाजल्यासारखा येतो. इथे ड्रमर डेव्ह ऑल्ड्रेडने ड्रमऐवजी कापूस भरलेला पुठ्ठ्याचा खोका वाजवला. त्या वेळचे नॉक्सचे गाणे ‘पार्टी डॉल’ नीट ऐका: ठोका पडतो आणि तिथेच विझतो. मागे गुंज राहत नाही, म्हणून बासला जागा मिळते.

ते ट्रिपल-डी या लेबलच्या (तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या) तबकडीवर आले; तिच्या एका बाजूला नॉक्स गायला होता, दुसऱ्या बाजूला बोवेन. १९५७ मध्ये रूलेट कंपनीने दोन बाजूंच्या दोन वेगळ्या तबकड्या काढल्या. बोवेनचे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत चढले. एका तबकडीच्या दोन तबकड्या करून विकता येतात, हा धंद्याचा पहिला धडा बोवेनला मिळाला तो इथे.

पुढे रिप्रीझ या कंपनीत निर्माता म्हणून त्याने गायक डीन मार्टिनला १९६४ साली त्याच यादीत अव्वल स्थानी नेले, तेही बीटल्सना खाली ढकलून. गायक फ्रँक सिनात्राचे ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’ मुद्रित झाले ११ एप्रिल १९६६ रोजी. मध्यावर गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराने चढते, ती सिनात्राला पकडता येईना. बोवेनने त्याला तिथवर गाऊन थांबायला सांगितले, घंटेसारखा सूर देऊन पुढचा भाग वेगळा घेतला आणि टेप जोडली. सेकंदाला १५ इंच धावणाऱ्या टेपवर अर्धा इंच चुकला तर सेकंदाचा तिसावा भाग जातो. टेप कापताना ब्लेड तिरके चालवावे लागते, सरळ कापले की ‘टक्’ ऐकू येते. पट्टी बदलते तिथेच जोड असल्याने कानाला तो खटकत नाही. ही जागा निवडणे हीच खरी निर्मात्याची कामगिरी.

१९६८ मध्ये काढलेले त्याचे एमॉस लेबल चालले नाही. पण ग्लेन फ्राय आणि डॉन हेन्ली, दोघांचे आधीचे बँड याच लेबलवर होते, आणि १९७१ मध्ये ते ईगल्स या रॉक बँडमध्ये एकत्र आले.

पुढे कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला त्याने डिजिटल मुद्रणाचा आग्रह धरला. टेपची नक्कल काढली की दरवेळी तिच्यातला ‘स्स्’ असा आवाज वाढतो, डिजिटलमध्ये वाढत नाही. मात्र आवाजाची पातळी मर्यादेपलीकडे गेली तर टेप थोडे सांभाळून घेते, डिजिटलमध्ये आवाज लगेच फाटतो. जॉर्ज स्ट्रेट आणि रीबा मॅकएंटायर या कंट्री गायकांना त्याने सहनिर्मात्याचे श्रेय दिले, हेही लेखात यायला हवे होते.

‘पार्टी डॉल’मध्ये ‘दमदार ड्रमसेट’ असल्याचा आपल्या लेखातला उल्लेख कृपया दुरुस्त करावा आणि तिथे ऑल्ड्रेडचे नाव छापावे.

आपले,
काही ध्वनिमुद्रक, पुणे