खिशातल्या चाकूला लॉक हवेच का?

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत रोज खिशात बाळगायच्या दुमडत्या चाकूंविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. माहिती कष्टाने जमवलेली आहे यात शंका नाही. परंतु सोबतच्या कोष्टकात ज्या चाकूच्या पात्याला लॉक, म्हणजे उघडे पाते मिटू न देणारा अडसर, नाही तो ‘असुरक्षित’ ठरवून तळाला टाकला आहे आणि उरलेल्यांचा क्रम केवळ स्टीलच्या नावावरून लावला आहे. गेली तीसएक वर्षे खिशात चाकू वागवणारा, आणि त्यापायी एकदा बोटाला टाके घालून घेतलेला माणूस म्हणून मला हा क्रम उलटा वाटतो.

टाक्यांची हकिकत आधी सांगतो, कारण ती लेखकाच्या बाजूची आहे. माझा पहिला चाकू साध्या स्प्रिंगचा होता. अशा चाकूत पाते उघडले की मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी त्याच्या बुडावर दाब देऊन ते उघडे ठेवते आणि पुरेसा जोर पडला की ते मिटते. याहून वेगळी अडवणूक त्यात नसते. एकदा कमरेच्या पट्ट्याला एक भोक वाढवायचे होते आणि हाताशी आरी नव्हती, म्हणून मी चाकूचे टोक चामड्यावर टेकवून दाबत आणि फिरवत राहिलो. टोक रुतले, मनगट जरासे कलले आणि पाते तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. पुढची दहा-बारा वर्षे मी लॉक नसलेल्या चाकूला हात लावला नाही.

त्या काळात लॉकचे बहुतेक प्रकार वापरून झाले. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने १९६४ पासून लोकप्रिय केलेला, मुठीच्या पाठीवर दाबून सोडवायचा खटका मला सर्वांत भरवशाचा वाटला. मात्र तसा चाकू खिशात दगडासारखा जड लागतो. मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते तो ‘लायनर लॉक’ प्रकार मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८० च्या दशकात आजच्या रूपात आणला. तो एका हाताने उघडता-मिटता येतो हे खरे, पण मिटताना पट्टी ढकलणारा अंगठा काही क्षण पात्याच्याच वाटेत असतो, याचा उल्लेख आपल्या लेखात नाही. शिवाय खिशातली लव आणि धूळ त्या फटीत साचते. एके दिवशी माझ्या चाकूची पट्टी बुडामागे जेमतेम काठावर टेकली होती. उघडताना रोजचा खणखणीत ‘टक्’ ऐकू येण्याऐवजी दबका आवाज आला, एवढीच काय ती खूण. आवाजाकडे लक्ष गेले नसते, तर लॉक आहे या भरवशावर मी आणखी जोर लावला असता.

तेव्हा मी पहिल्या अपघाताचा नव्याने विचार केला. आपण धारेने कापतो तेव्हा कापली जाणारी वस्तू धारेला उलट रेटते, आणि तो रेटा पात्याला मिटण्याच्या नव्हे तर आणखी उघडण्याच्या दिशेने जातो. म्हणजे दोरी कापताना, चिकटपट्टी चिरताना, पाकीट फोडताना किंवा पेन्सिल तासताना लॉकचे काही कामच नसते. त्याची गरज लागते ती टोक खुपसून दाबताना, रुतलेले पाते वाकडेतिकडे ओढताना किंवा पात्याच्या पाठीवर ठोकताना. यांतले कोणते काम आपण रोज करतो, हा प्रश्न खरेदीआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावा. माझ्या बोटाचा अपघात आरीचे काम चाकूकडून करून घेतल्यामुळे झाला होता. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्यांच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या आजच्या, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांबीच्या चाकूंच्या मुख्य पात्याला लॉक नसते, पण मुठीच्या पाठीत टोचणी वेगळी दिलेली असते. त्याच कंपनीच्या १११ मिलिमीटरच्या, दांडग्या कामाच्या बहुतेक चाकूंना मात्र लॉक असते. हा भेद कोष्टकात यायला हवा होता.

आता पात्याच्या जाडीविषयी, कारण माझ्या मते निवडीचा मुख्य मुद्दा तोच आहे आणि लेखात त्यावर एक ओळसुद्धा नाही. मी दोन चाकू घेऊन एकाच खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कापून पाहिला. एक नामांकित, महागड्या स्टीलचा, पाठीशी साडेतीन मिलिमीटर जाड. दुसरा साध्या स्टीलचा, पाठीशी दोन मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींची धार त्याच दगडावर, अंगावरचे केस उतरतील इतकी लावलेली. पातळ पाते पुठ्ठ्यातून सरळ, जवळजवळ आवाज न करता गेले. जाड पात्याची धार आत शिरली खरी, पण इंचभर गेल्यावर त्याच्या दोन्ही अंगांनी पुठ्ठा फाकवायला सुरुवात केली, कडा चुरगळल्या आणि मनगटाला दुप्पट जोर लावावा लागला. पाचराने लाकूड फोडावे तसा तो प्रकार होता. धार कितीही तिखट असली तरी तिच्यामागून येणारे पोलाद वस्तूतून पार व्हावे लागते, आणि ते जितके पातळ तितके कापणे हलके होते. धारेच्या लगत पाते किती जाड आहे हे माप विक्रेते क्वचितच देतात. स्टीलचे नाव मात्र पात्यावरच ठळक कोरलेले असते.

स्टीलला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. पोलादाचा कठीणपणा सांगणाऱ्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपासचे पाते लवकर बोथट होते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत पुन्हा ताळ्यावर येते. ६० च्या पुढचे पाते धार पुष्कळ दिवस धरते, परंतु गेलेली धार परत आणायला हिऱ्याची पट्टी आणि चिकाटी दोन्ही लागतात, आणि जोर आडवा पडला तर कडेचा टवका उडू शकतो. ज्याला धार लावायचा कंटाळा आहे त्याने दुसरे घ्यावे, ज्याला त्यात विरंगुळा वाटतो त्याने पहिले. लेखात ‘डी-टू’ स्टीलला सरसकट ‘न गंजणारे’ म्हटले आहे, ते दुरुस्त करावे. त्यात गंज रोखणारे क्रोमियम सुमारे १२ टक्के असले तरी त्यातले बरेचसे कार्बनशी जखडलेले असते, म्हणून घामाच्या ओल्या खिशात त्यावर ठिपके पडतात.

फ्रान्समधील जोसेफ ओपिनेल यांच्या १८९० पासूनच्या लाकडी मुठीच्या चाकूला लेखात जागाच मिळाली नाही, याचे मात्र वाईट वाटले. त्याचे पाते पातळ आहे, वजन नगण्य आहे आणि १९५५ पासून त्याला फिरवून बसवायचे पोलादी कडेही आहे, म्हणजे लॉकचा आग्रह धरणाऱ्यांचीही सोय झाली. त्याचा दोष एकच, की भिजल्यावर लाकूड फुगते आणि पाते निघता निघत नाही. मग मुठीची शेपटी टेबलाच्या कडेवर हलकेच आपटली की पाते पुढे सरकते. ही युक्ती कळेपर्यंत मी दोन नखे मोडून घेतली.

कायद्याचाही प्रश्न आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धारेचा दुमडता चाकू सार्वजनिक जागी जवळ ठेवायला वेगळे कारण द्यावे लागत नाही, मात्र पाते लॉक होत असेल तर ही सवलत मिळत नाही. लेखातला ‘असुरक्षित’ चाकू तिथे नेमका बिनधोक ठरतो. नियम देशागणिक बदलतात, तेव्हा खरेदीपूर्वी ते पाहून घ्यावेत; विमानात हाताशी ठेवायच्या सामानात तर कोणताच चाकू ठेवू नये.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यातल्या कोष्टकात धारेलगतची जाडी आणि वजन असे दोन रकाने वाढवावेत, आणि ‘सुरक्षित-असुरक्षित’ या रकान्याऐवजी कोणत्या कामासाठी लॉक लागते ते लिहावे, अशी विनंती आहे. माझ्याकडच्या सात चाकूंची जाडी मी व्हर्नियरने मोजून ठेवली आहे. उपयोग होणार असेल तर ती मापे पाठवून देईन.

आपला,
एक नियमित वाचक