बिअरच्या ग्लासला दांडी हवीच का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी बिअरच्या ग्लासांवर लेख आला होता आणि तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत जे काही चाललंय ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय. एक गट म्हणतो बिअर म्हणजे जाड मगच, हातात घेतला की वजन कळलं पाहिजे, ते उंच दांडीचे (म्हणजे पोट आणि बूड यांच्यामध्ये बारीक देठ असलेले) पातळ काचेचे ग्लास म्हणजे निव्वळ शायनिंग. दुसरा गट अशा थाटात लिहितो की साध्या ग्लासातून पिणाऱ्याला बिअर कधी कळलीच नाही. बरं, दोघंही भांडतायत ते दांडीवरून. मला विचाराल तर दांडी हा त्या ग्लासचा सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. असा नाजूक ग्लास वापरणं परवडतं का हे ठरतं त्याच्या पोटावरून, काठावरून आणि मुख्य म्हणजे तो धुणार कोण यावरून.

दांडीचं आधी उरकून घेऊ. दांडी कशासाठी, तर हाताची ऊब बिअरला लागू नये म्हणून. यात खोटं काही नाही, लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकट थंडगार बिअर, पितात साधारण ४ ते ७ अंशांना आणि तळहात तिच्यापेक्षा कितीतरी गरम असतो, ग्लास मुठीत आवळून बसलं की फरक पडणारच. पण गंमत बघा. हलकी थंडगार लागर माणूस गप्पा मारता मारता संपवतो, तिला गरम व्हायला फारसा वेळच मिळत नाही, आणि ज्या बिअर पुरवून पुरवून प्यायच्या असतात, म्हणजे बेल्जियमच्या स्ट्राँग एल, बार्ली वाइन, इम्पीरियल स्टाउट वगैरे जास्त मद्यार्काच्या जड बिअर, त्या मुळात १० ते १३ अंशांच्या आसपास खुलतात. फ्रिजमधून काढल्यावर त्यांना थोडी ऊब हवीच असते! स्निफ्टर म्हणून जो बुटका, पोट सुटलेला ग्लास मिळतो त्याची दांडी इतकी आखूड असते की ती बोटांच्या बेचक्यात घेऊन तळव्यावर पोट टेकवता येतं आणि बिअर हळूहळू उबदार करता येते. थोडक्यात काय, लोक ज्या बिअर हौसेने दांडीच्या ग्लासात ओततात त्यांनाच हातापासून लांब राहायची गरज सगळ्यात कमी. जर्मन लोक पिल्सनरसाठी, म्हणजे लागरच्याच एका कडवट प्रकारासाठी, छोट्या दांडीचा ट्युलिप (त्या फुलाच्या आकाराचा ग्लास) वापरतात तिथे मात्र हिशोब जुळतो, कारण बिअर थंडच हवी आणि घाईने ढोसायची पण नाही.

मगवाल्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. मगाचा कान आणि ग्लासची दांडी यांचं काम एकच, हात लांब ठेवणं, पण जाड काच स्वतःच बिअर गरम करते हे या मंडळींच्या गावी नसतं. अर्धा किलो वजनाचा मग २५ अंशांच्या खोलीत ठेवलेला आहे असं धरा, त्यात ५ अंशांची अर्धा लिटर बिअर ओतली की काचेतली उष्णता बिअरमध्ये उतरते आणि दोघांचं मिळून तापमान ८ अंशांच्या थोडं वर जाऊन थांबतं, हात न लावता. तेच दीडशे ग्रॅमच्या पातळ ग्लासात ओतली तर ६ च्या जरासं वर. शाळेतलं विशिष्ट उष्णतेचं गणित आहे, काचेची ०.८४ आणि पाण्याची ४.१८ धरून कोणालाही काढता येईल, बिअर म्हणजे बहुतांशी पाणीच की. अर्थात तो जाड मग आधी गार पाण्याने विसळून घेतला तर यातला बराचसा फरक निघून जातो, त्यामुळे या आकड्यांवरून कोणी मग फेकून द्यायला नको, पण पातळ काच म्हणजे नुसता देखावा हे काही खरं नाही. आणि तो फ्रीजरमध्ये ठेवून पांढराफटक केलेला मग, त्याबद्दल तर बोलायलाच नको. आतल्या बर्फाच्या कणांमुळे ओतताना भसाभसा फेस येतो, नंतर ते कण वितळून बिअरमध्येच जातात, आणि जीभ इतकी गार पडते की समोर चांगली बिअर आहे का कशीबशी हेच कळत नाही. कशीबशी बिअर असेल तर तो उपाय म्हणून ठीक.

आता पोट. खरी मजा इथे आहे आणि नेमकं यावर कोणी काही लिहीत नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो, नाकातून आत जाणारा आणि घोट गिळल्यावर घशाकडून वर नाकात चढणारा. मध्ये फुगीर आणि वर आत वळलेला ग्लास असेल, आणि तो काठोकाठ न भरता वर जागा ठेवली असेल, तर त्या जागेत वास साठतो आणि घोट घेताना नाक आपोआप त्यात जातं. हॉप्सचे (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचे) फुलाफळांसारखे वास, गव्हाच्या बिअरला यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास, स्टाउटमधला भाजलेल्या कॉफीसारखा वास, हे सगळं सरळसोट काठोकाठ भरलेल्या ग्लासात पटकन उडून जातं. पण यात दांडीचा संबंध कुठे आला? गव्हाच्या बिअरचा तो उंच, कमरेत बारीक अर्धा लिटरचा ग्लास बघा, त्याला दांडी नाहीच, आणि वासाचं आणि फेसाचं काम तो झकास करतो.

फेसाचंही तसंच. फेस उभा राहतो तो माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) प्रथिनांच्या आणि हॉप्समधल्या कडू द्रव्यांच्या जोरावर, आणि ट्युलिपची गळ्याशी येणारी चिमट त्याला आधार देते. ड्युव्हेल या बेल्जियन बिअरचा ट्युलिप हे याचं चांगलं उदाहरण, ३३० मिलीची अख्खी बाटली आणि वर भरघोस फेस दोन्ही त्यात मावतात, आणि तळाला कोरलेली खूण असते तिच्यावरून बुडबुड्यांची माळ सतत वर येत राहते म्हणून फेसाला खालून पुरवठा चालू राहतो. ती खूण शोभेची नाही, गुळगुळीत काचेवर बुडबुडा सहज तयार होत नाही, त्याला खरखरीत जागा लागते.

आकाराने काही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१२ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी १६० जणांवर प्रयोग केला होता, त्यात सरळ ग्लासातून लागर पिणाऱ्यांना वळणदार ग्लासवाल्यांपेक्षा ६० टक्के जास्त वेळ लागला, सॉफ्ट ड्रिंकमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. वळणदार ग्लासात निम्मी बिअर नेमकी कुठे संपते याचा डोळ्यांना अंदाज येत नाही हे त्यांनी सुचवलेलं कारण. म्हणजे हळू प्यायची असेल तर वळणदार ग्लास उलटा पडू शकतो, हे नाजूक ग्लासवाल्यांनी पण लक्षात घ्यावं.

पण हे सगळं एका बाजूला आणि धुणं एका बाजूला. महागातला महाग ग्लास आणि त्याला आतून तेलाचा नाहीतर साबणाचा पातळसा थर, की फेस बसलाच म्हणून समजा. भरलेल्या ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो बिअरचा जिवंतपणा वगैरे काही नसतो, तिथे काहीतरी राहिलंय. तपासायला सोपं आहे, ग्लास पाण्यात बुडवून काढा आणि उजेडाकडे धरा. पाणी सगळीकडून एकसारखं पडद्यासारखं उतरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन मध्येच कोरडे पट्टे पडले तर पुन्हा धुवा. स्वच्छ ग्लासात बिअर पिताना प्रत्येक घोटानंतर काठाखाली फेसाची एक जाळी मागे राहते, खाली खाली अशी वर्तुळं होत जातात, आणि शेवटी ग्लासवरच किती घोटात संपवली ते मोजता येतं. ही जाळी मला साध्या ग्लासातसुद्धा दिसते आणि ती दिसली की दांडी आहे का नाही याचं मला सोयरसुतक नसतं.

नाजूक ग्लासची खरी अडचण इथेच सुरू होते, कारण तो तुटतो तो पिताना कमी आणि धुताना जास्त. एका हाताने बूड घट्ट धरायचं, दुसऱ्या हाताने फडकं पोटात कोंबून गर्रकन फिरवायचं, बारीकसा कट्ट आवाज येतो आणि दांडी हातात, वाटी फडक्यात. सगळा पीळ त्या पेन्सिलीएवढ्या दांडीवर येतो ना. पुसायचाच असेल तर पोट एका तळव्यात घेऊन त्याच्याच आत फडकं फिरवावं, बुडाला हातच लावू नये, आणि त्याहून बरं म्हणजे पुसूच नये, कोमट पाणी, अगदी थोडा बिनवासाचा साबण, भरपूर विसळणं आणि जाळीवर उपडा ठेवणं एवढं बास. तुपातेलाची भांडी घासलेला स्पंज त्याला लावायचा नाही. हे करायची तयारी नसेल, म्हणजे रात्री पाहुणे गेल्यावर सगळं सिंकमध्ये एकावर एक टाकून झोपायचं असेल, तर दांडीचा ग्लास घेऊच नका, सरळ सांगतो. मला स्वतःला हे धुणं आवडतं, पण ते सगळ्यांना आवडावं ही अपेक्षा वेडेपणाची आहे.

आणि उन्हात तर नकोच. बाहेर गवतावर दांडीचा ग्लास धड उभा राहत नाही आणि तसंही पारदर्शक काचेतून ऊन लागलं की हॉप्समधल्या द्रव्यांपासून काही मिनिटांत एक घाण वास तयार होतो. ऊन टाळता येत नसेल तर स्टीलचा पेला उत्तम, भले त्यात रंग दिसू दे नाहीतर नको. जुन्या लेड क्रिस्टलचे कोरीव ग्लास कोणाकडे असतील तर ते कपाटातच शोभतात, त्या काचेत २४ टक्के किंवा जास्त लेड ऑक्साइड असतं आणि बिअर आम्लधर्मी आहे, उगाच कशाला.

मग घ्यावा का? घरात वाइनचे ग्लास असतील तर आधी तेच वापरून बघा, आत वळलेल्या पोटाचा बऱ्यापैकी मोठा वाइन ग्लास स्ट्राँग एलला अगदी छान चालतो, वेगळा खर्च करायची काही गरज नाही. आवडलं तर पुढे ‘टेकू’ नावाचा ग्लास बघा, इटलीत २००६ साली तेओ मुस्सो आणि लोरेन्झो दाबोवे ऊर्फ कुआस्का यांनी खास बिअरसाठी तयार केलेला दांडीचा ग्लास, बराच कोनदार दिसतो, मला त्याचं रूप तितकं आवडत नाही पण वासाच्या बाबतीत वाद नाही. रोजच्या लागरला मात्र साधा पातळ काचेचा ग्लास घ्या, स्वच्छ ठेवा, विषय संपला.

कोणाचा विश्वास बसत नसेल त्यांनी घरी एकदा करून बघावं. एकच बिअर, दोन ग्लास, एक सरळ आणि एक ट्युलिप, दोन्हीत सारखीच थोडी थोडी ओतलेली. डोळे मिटायचे आणि दुसऱ्या कोणीतरी एकेक करून ते नाकाखाली धरायचे, हात लावायचा नाही आणि प्यायचं तर अजिबात नाही, कारण ओठाला काठाची जाडी लागली की लगेच ओळखू येतं आणि मग आपण आपल्याला हवं तेच उत्तर देतो. फरक कळला तर ट्युलिप घ्या. नाही कळला तर पैसे वाचले, ते बिअरवर घाला.

जाता जाता, ज्यांच्याकडे असे ग्लास आधीच आहेत त्यांना एक विनंती. चिअर्स करताना काठाला काठ आपटू नका, तोच सगळ्यात पातळ असतो, ग्लास जरा कलता करून पोटाला पोट हलकेच लावा, आवाजही जास्त चांगला येतो.

आपला,
एक नियमित वाचक