पावतीवर रक्ताची किंमत नसते
कोल्हापूर

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

रक्तकेंद्राच्या काउंटरवर बसलीस की सीपीआर या सरकारी रुग्णालयातून, खासगी दवाखान्यांतून नातेवाईक चिठ्ठी घेऊन येतील. पहिला प्रश्न हमखास, "बाटली केवढ्याला?" चिडू नकोस. पावतीवर बोट ठेवून सांग, की पैसे पिशवीचे, क्रॉसमॅचचे म्हणजे रक्त जुळवून बघण्याचे, एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिस, मलेरियाच्या चाचण्यांचे आणि २ ते ६ अंशांवर साठवणीचे. खासगी केंद्रालाही लाल पेशींच्या पिशवीमागे १५५० रुपयांची मर्यादा घालून दिली आहे. हा आकडा पेशंट किती अडलाय त्यावर हलत नाही. डेंगीच्या साथीत प्लेटलेट्सचा आकडा कुणी वाढवू लागला, तर तिथं खरेदी-विक्री सुरू झाली असं समज.

पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, तरी नातेवाईक म्हणून असा माणूस येतोच. पेशंटचं पूर्ण नाव, वॉर्ड विचार. कोपराच्या खळगीत सुयांचे जुने व्रण बघ. मोरचुदाच्या द्रावणात त्याच्या रक्ताचा थेंब सोड. पंधरा सेकंदांत बुडला नाही तर हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली. गडी तीन महिने न थांबता पुन्हा आलेला असू शकतो. पैशाची निकड असलेला माणूस फॉर्मवर आजार लपवतो, आणि संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणीतही तो दिसत नाही. म्हणून विकतचं रक्त पेशंटलाही घातक. त्या माणसावर चारचौघांत ओरडू नकोस, बाजूला घेऊन विचार. त्याला आणणारा दलाल कोण, हे वरिष्ठांना लगेच कळव.

रक्तासारखाच प्रश्न नेत्रपटल, त्वचा, हाडं या ऊतींचा. त्यांच्यासाठी अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं वेगळं कलम आलं. त्यांच्या विक्रीला एक ते तीन वर्षं कैद, दंड पाच ते पंचवीस लाख. काढणं, जतन, वाहतूक यांचा खर्च घेता येतो.

मला खरी सल प्लाझ्माची आहे. फुकट दिलेल्या रक्तातला उरलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, केंद्राला पैसे देऊन औषध कंपनी नेते, त्याचं अल्ब्युमिन हे औषध होतं आणि त्याची बाटली पेशंटला हजारोंना पडते. कायद्यानं हे चालतं. पण दात्याला माहीत नसताना चालणं मला पटत नाही. सही घेण्याआधी त्याला हे नीट सांगत जा.

तुझी,
आई