पाठीवरची तीन अक्षरं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागही आला. ‘खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकी. जो देश पैसे देईल त्याच्याकडून खेळावं, त्यात पाप कसलं?’ असं तू विचारतोस. पाप काहीच नाही. गुडघा गेला की कुणी ढुंकूनही बघत नाही, हेही मला कबूल. पण तुझ्या या हिशेबात एक बाई काही केल्या बसत नाही. तिच्याबद्दल कधीचं लिहायचं होतं.

मायलिंदा केलमेंदी. युरोपातल्या कोसोवो या छोट्या देशातल्या पेया गावची, जन्म १९९१चा. १९९९च्या युद्धात ते गाव मोठ्या प्रमाणावर जाळलं गेलं आणि त्याच वर्षी ही आठ वर्षांची पोर ज्युदो शिकू लागली. गुरू द्रितोन कुका. हा स्वतः युगोस्लाव्हियातला अव्वल ज्युदोका, १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकची स्वप्नं बघणारा. पण देश फुटत होता, कोसोवोतले अल्बेनियन खेळाडू युगोस्लाव्ह संघातून बाहेर पडले आणि त्याचं ऑलिंपिक हुकलं ते हुकलंच. अशी माणसं बहुतेक कडवट होतात. याने पोरांना शिकवायला घेतलं.

आता गंमत बघ. ज्युदोत पांढऱ्या किंवा निळ्या पोशाखाच्या पाठीवर नाव असतं आणि खाली देशाची तीन अक्षरं. हिची अक्षरं बदलत राहिली. कोसोवोने २००८मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता नव्हती. म्हणून २०१२ला लंडनमध्ये ती अल्बेनियाकडून उतरली आणि मॉरिशसच्या क्रिस्टियान लेजांटिलकडून हरून लवकर बाहेर पडली. पुढच्याच वर्षी रिओतल्या जागतिक स्पर्धेत, यजमान ब्राझीलच्या एरिका मिरांडाला अंतिम फेरीत हरवून ती ५२ किलो गटात जगज्जेती झाली, तेही कोसोवोच्या नावाने, कारण आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाची मान्यता आधीच मिळाली होती. २०१४ची स्पर्धा रशियात. रशिया कोसोवोला मानत नाही. तेव्हा पाठीवर महासंघाचीच अक्षरं चिकटवून ती लढली आणि पुन्हा सुवर्ण घेऊन आली! जगज्जेती, पण देशाचा झेंडा नाही. या सगळ्या काळात दुसऱ्या देशांकडून तिला पैशाचे प्रस्ताव येत होते. तिने ते नाकारले. डिसेंबर २०१४मध्ये ऑलिंपिक समितीची मान्यता आली तेव्हा तिची तयारी झालेलीच होती.

२०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये झेंडा तिच्याच हातात. अंतिम लढत इटलीच्या ओदेत्ते ज्युफ्रिदाशी. लढत मुळीच देखणी नव्हती, मायलिंदा एका ‘यूको’च्या फरकाने जिंकली. (हा छोटा गुण नंतर नियमांतून काढला होता.) लोकांना ज्युदो म्हणजे भिरकावून आपटणं वाटतं. पण तिचा खरा खेळ पकडीचा. समोरचीच्या खांद्यावरून हात टाकून पाठीचं कापड मुठीत घ्यायचं, तिला वाकवायचं आणि आपल्याला नको ती पकड मिळूच द्यायची नाही. महिलांच्या लढतीला चार मिनिटं, त्यातला बहुतेक वेळ या ओढाताणीतच जातो. ज्याला ही ओढाताण बघता येत नाही त्याला ज्युदो कंटाळवाणा वाटणारच. तुझ्यासारख्याला तर नक्कीच. कोसोवोचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सोनं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. ऑलिंपिकमध्ये एका वजनगटात एका देशाची एकच खेळाडू. त्याच कुकाच्या तालमीतली दिस्त्रिया क्रास्निची मूळची ५२ किलोतली. पण तिथे मायलिंदा बसलेली. दिस्त्रिया ४८ किलोत उतरली. चार किलो म्हणजे तुला-मला काही नाही, पण अंगावर आधीच चरबी नसलेल्या ज्युदोकाला प्रत्येक स्पर्धेच्या वजनाच्या वेळी ते पुन्हा पुन्हा भोगावं लागतं. टोकियोत, जुलै २०२१मध्ये, तिने जपानच्या फुना तोनाकीला तिच्याच घरी हरवून सुवर्ण जिंकलं. दुसऱ्या दिवशी मायलिंदा हंगेरीच्या रेका पुपकडून पहिल्याच लढतीत हरली. ऑलिंपिकमध्ये कांस्यासाठी पुन्हा संधी मिळते ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलेल्यांना, त्यामुळे पाच वर्षांची तयारी एका सकाळीत संपली. आणि तिसऱ्या दिवशी नोरा ज्याकोवाने ५७ किलोत सुवर्ण जिंकलं. म्हणजे दोन सुवर्णांच्या मध्ये हिची हार.

त्या तीन दिवसांबद्दल मी खूप विचार केलाय. बातमीदारांनी हिला बिचारी ठरवलं. मला तसं वाटत नाही. मायलिंदा २०१२नंतर दुसऱ्या कुणाकडे गेली असती, तर तिचं सुवर्ण बहुधा तिला मिळालंच असतं. एवढी ती चांगली होती. पण पेयातल्या तालमीत सरावाला रोज एक जगज्जेती समोर उभी नसती. दिस्त्रिया आणि नोरा कुणाच्या पकडीशी झगडून मोठ्या झाल्या, ते बघ. तुझ्या पैशाच्या हिशेबात हा रकाना कुठेच नाही.

त्याच वर्षी मायलिंदाने खेळ सोडला आणि ती प्रशिक्षक झाली. दिस्त्रिया परत ५२ किलोत आली आणि २०२४ला पॅरिसमध्ये उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून अंतिम फेरीत हरून रौप्य घेऊन गेली. ६३ किलोत लौरा फाझलिऊला कांस्य. वीस लाखांहून कमी वस्तीचा देश. पॅरिसपर्यंत त्याची ऑलिंपिक पदकं पाच, आणि पाचही ज्युदोची.

तरी एक कबूल करतो. जो खेळाडू देश सोडून जातो त्याला मी नावं ठेवणार नाही. प्रत्येकाच्या गावात कुका नसतो. नुसती निष्ठा घेऊन रिकाम्या तालमीत बसणाऱ्याचं वजनही उतरत नाही आणि पकडही बसत नाही.

रिओची ती अंतिम लढत शोधून बघ. चारच मिनिटं आहेत. निकालाकडे बघू नकोस, तिच्या हातांकडे बघ. आणि मग पैशाच्या मुद्द्यावर काय वाटतं ते लिही. भांडायला मी तयार आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
निरंजन